एकोणीस दिवस

डॉक्टर वाळवेकरांनी माझ्या दंडावर ती पट्टी चिकटवली तेव्हा ताई शेजारी उभी होती. निकालाच्या दिवशी पहिल्या नंबराची खात्री असलेली मुलगी कशी उभी असते, तशी.

"दुखलं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

पट्टी पोस्टाच्या तिकिटाएवढी होती. तिच्या खालच्या बाजूला केसापेक्षा बारीक अशा चारशे सुया होत्या. त्या कातडीच्या वरच्या थरात शिरतात, पण नसेपर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे रक्त येत नाही. कातडीखाली जो पाझर असतो त्यातलं औषध त्या दर पंधरा मिनिटांनी मोजतात आणि आकडा डॉक्टरांच्या फोनवर पाठवतात. पूर्वी यासाठी रक्त काढून मुंबईला पाठवावं लागायचं आणि आठवड्याने एकच आकडा मिळायचा. आता दिवसभरात शहाण्णव मिळत होते.

"महिनाभर काढायची नाही," डॉक्टर म्हणाल्या. "घामाने सुटत नाही. तुमचं मैदान चालू राहू दे."

"आणि माझा काढा?" ताईने विचारलं.

"तोही चालू राहू दे. तेच तर बघायचंय."

इथे थोडं मागचं सांगायला हवं.

मी वसुधा चौगुले. इचलकरंजीत मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका आहे, खो-खो शिकवते. चार वर्षांपूर्वी, २०३५ साली, माझ्या डाव्या स्तनातली गाठ काढली. मग किमो झाली, रेडिएशन झालं, आणि त्यानंतर रोज एक गोळी सुरू झाली. ती दहा वर्षं घ्यायची होती. माझ्या प्रकारच्या गाठीत पेशींवर बारीक कुलपं असतात. बाईच्या अंगातलं इस्ट्रोजेन त्या कुलपात किल्लीसारखं बसलं की पेशी वाढायला लागते. गोळीचं काम एवढंच, की त्या कुलपात दुसरंच काहीतरी अडकवून ठेवायचं. किल्ली आली तरी बसायला जागा नाही.

अडचण अशी, की तीच कुलपं मेंदूतही असतात, हाडांत असतात, सांध्यांत असतात. गोळी तिथेही जाते. मैदानावर मुलींना सूर मारायला शिकवताना माझ्या पोटातून काहीतरी पेटत वर यायचं. छाती, मान, कानाच्या पाळ्या. दोन मिनिटांत अंगातला टी-शर्ट पिळून काढावा असा व्हायचा, आणि लगेच थंडी भरायची. दिवसातून पंधरा-सोळा वेळा. सकाळी बोटं वळायची नाहीत. शिट्टीची दोरी गळ्यात घालायला मला शिपाईमावशींची मदत लागायची. आठ महिने मी ते काढले आणि मग ताईला सांगितलं, "गाठ परत आली तर येऊ दे. ही गोळी मी बंद करणार."

ताई म्हणजे वैद्य पद्मजा मगदूम. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. तिचे यजमान गेल्यापासून आम्ही दोघी एकत्रच राहतो. खाली तिचा दवाखाना, वर घर. तिने कधी कुणाला कॅन्सर बरा करतो असं सांगितलेलं नाही. असं सांगणाऱ्यांचा तिला मनस्वी राग. ती म्हणाली, "गोळी सोडायची नाही. त्रासाचं मी बघते."

आणि तिने बघितलं. वाळा, अनंतमूळ, ज्येष्ठमध आणि घाटातून येणारं रानकोशी नावाच्या एका वेलीचं मूळ, असा काढा तिने बसवला. सकाळी अनशापोटी अर्धा कप. तीन आठवड्यांत माझी आग दिवसाला दोनवर आली. बोटं वळायला लागली. दुसऱ्या महिन्यात मी खांबापासून खांबापर्यंत धावून दाखवलं, तेव्हा मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी रडले होते, हे त्यांना कळलं नाही, कारण घामाने सगळंच ओलं होतं.

माझ्यामागून इतर आल्या. तीन वर्षांत अशीच गोळी घेणाऱ्या, मला धरून त्रेचाळीस बायका ताईचा काढा घेत होत्या. कापडगिरणीतल्या, बँकेतल्या, हातकणंगल्याच्या, जयसिंगपूरच्या. ताई प्रत्येकीला बजावायची, गोळी चुकवायची नाही. एकीनेही चुकवली नव्हती. उलट गोळी सोडायला निघालेल्या दहा-बाराजणी काढ्यामुळे टिकल्या होत्या. पण आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना काढ्याबद्दल सांगितलेल्या फार तर चार-पाच. बाकीच्या म्हणायच्या, उगाच ओरडा कोण खाईल?

ताई मात्र स्वतः मिरजेला जाऊन डॉक्टर इरावती वाळवेकरांना भेटली होती. वही घेऊन. कुणाला किती आग होती, किती उरली, सगळं लिहिलेलं. डॉक्टर माझ्याच. वयाने लहान, बोलायला सरळ. वही शेवटपर्यंत वाचून त्या म्हणाल्या, "हे निरीक्षण आहे, मगदूमताई. पुरावा नाही."

"मग काढा पुरावा," ताई म्हणाली. "मी कुठे नको म्हणते?"

म्हणून ती पट्टी माझ्या दंडावर आली.

*

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी दोघींना बोलावलं. मला वाटलं, महिना व्हायचाय, एवढ्यात कशाला? ताई वाटेत म्हणाली, "चांगलंच असणार. चांगलं असलं की माणसाला थांबवत नाही."

डॉक्टरांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. दोन रेघा होत्या. एक वर, एक अगदी तळाला.

"गोळी गिळली म्हणजे औषध मिळालं असं नसतं," त्या म्हणाल्या. "गोळीतलं द्रव्य कच्चं असतं. ते कुलपात नीट बसत नाही. यकृतातलं एक एन्झाइम त्याला पक्कं करतं, आणि ते पक्कं रूप खरं काम करतं. ही वरची रेघ कच्च्याची. वसुधाताईंच्या अंगात ते भरपूर आहे, नेहमीपेक्षा जास्तच. म्हणजे गोळी रोज घेतली जातेय, यात शंका नाही."

"आणि खालची?" मी विचारलं.

"पक्क्याची. ती वीसच्या वर असायला हवी. तुमची सहा आहे."

मला आकड्यांपेक्षा त्या दोन रेघांमधलं अंतर दिसत होतं. "म्हणजे सूत ढिगाने आलंय, पण माग बंद आहेत," मी म्हणाले.

"अगदी तसंच. आणि हे बघा." त्यांनी एक दिवस मोठा करून दाखवला. "सकाळी साडेसहाला काढा. आठ वाजल्यापासून खालची रेघ बसायला लागते. संध्याकाळी जरा सावरते. दुसऱ्या दिवशी साडेसहाला परत काढा, परत खाली. दहाही दिवस."

ताई पडद्याच्या अगदी जवळ गेली. "वसूचं एन्झाइम जन्मतःच मंद असेल. असतं काहीजणींचं."

"गोळी सुरू करायच्या आधी जनुकांची तपासणी केली होती. चांगलं आहे त्यांचं."

"मग पट्टी चुकत असेल."

"म्हणून मी तिसऱ्याच दिवशी त्यांचं रक्त घेऊन मुंबईला पाठवलं होतं. त्यात सहा पूर्णांक दोन आलं."

मी मध्येच विचारलं, "पण मला आराम आहे. आग नाही, सांधे दुखत नाहीत. तो काय भास आहे का?"

डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता ताईकडे बघितलं. हळू बोलल्या, पण टाळलं नाही. "भास नाही. आराम खराच आहे. आग कशामुळे होत होती? ते पक्कं औषध मेंदूतल्या कुलपांत बसत होतं म्हणून. ते तयारच होईना, तर आग कुठून होणार? मगदूमताई, तुमच्या काढ्याने त्रास शमत नव्हता. औषधच बंद पडत होतं. जितका आराम जास्त, तितकं औषध कमी."

ताई खुर्चीत बसली. तिच्या वहीत एक रकाना होता, 'आराम' असा. त्यात तिने दहापैकी गुण लिहिले होते. आठ, नऊ, नऊ, दहा.

"सगळ्यांना आजच काढा बंद करायला सांगा," डॉक्टर म्हणाल्या. "आणि मला यादी द्या. बऱ्याचजणी दुसऱ्या डॉक्टरांकडे असतील. त्यांनाही कळवते."

"एका बाईच्या आकड्यावरून?" ताई म्हणाली. "तुम्हीच मला म्हणाला होता, निरीक्षण म्हणजे पुरावा नव्हे. वसूचा काढा बंद करून बघू. आकडा वर चढला तर मी मान्य करते. मग यादी देते."

"तसं बघूच. पण तोवर बाकीच्यांनी थांबायला काय हरकत आहे? चूक निघाली तर महिनाभर आग सोसतील, एवढंच."

"एवढंच?" ताईचा आवाज चढला. "त्यातल्या बाराजणी गोळी फेकून द्यायला निघाल्या होत्या. मी काढा काढून घेतला आणि त्यांनी उद्या गोळी सोडली, तर जबाबदार कोण?"

त्यात तथ्य होतं. डॉक्टरांनी पडदा परत स्वतःकडे वळवला. मग म्हणाल्या, "ठीक आहे. वसुधाताई, उद्या सकाळपासून काढा बंद. आठवड्यात कळेल."

ताईने माझ्याकडे बघितलं. मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"उद्यापासून नको," मी म्हणाले. "बारा दिवस थांबा. राज्य स्पर्धा होऊ द्या."

*

माझी बाजू सांगते, पटो न पटो. आमच्या शाळेचा संघ सोळा वर्षांनी राज्य स्पर्धेला जात होता. त्या मुलींना मी चौथीपासून घडवलं होतं. काढा बंद केला तर चार-पाच दिवसांत आग परत येईल, बोटं आखडतील, आणि सोलापूरच्या उन्हात मी मैदानाच्या कडेला ओला पंचा घेऊन बसेन, हे मला दिसत होतं. तीन वर्षं सहा होता, आणखी बारा दिवस सहा राहील. हा माझा हिशेब माझ्या शरीरापुरता होता. त्याला बेचाळीस बायका बांधलेल्या आहेत हे मला कळत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. कळत होतं. ताईला मात्र तो हिशेब हातात धरायला मिळाला. वसूची स्पर्धा होऊ दे, मग काढा बंद, मग आकडा, मग खात्री, मग सांगू.

डॉक्टरांचा फोन तिसऱ्या दिवशी आला. पाचव्या दिवशी परत आला.

"मी माझ्या ओपीडीत प्रत्येकीला विचारलं, काढा घेता का," त्या म्हणाल्या. "सगळ्या नाही म्हणाल्या. त्यातल्या दोघी तुमच्या वहीत आहेत, मला नावं आठवतात. त्या मला खरं सांगणार नाहीत, मगदूमताई. तुमचं ऐकतील."

"थोडे दिवस," ताई म्हणाली आणि फोन ठेवून दिला. त्या दिवशी ती जेवली नाही.

सहाव्या दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर मी दवाखान्यात गेले, तर दिलशाद मुजावर आलेली. ती सूतगिरणीजवळच्या कारखान्यात मेंडिंगला होती. आता मागांवर कॅमेरे असतात. ते कापडातला दोष पकडून खूण करतात, पण तुटलेला धागा परत विणायला अजून बाईचीच बोटं लागतात. सत्तेचाळीस वर्षांची, ठेंगणी, मोठ्याने हसणारी. गाठ काढून पाच वर्षं झालेली. काढ्याची कोरडी भरड न्यायला ती स्टीलचा डबा घेऊन यायची.

"मॅडम, भरा बघू," तिने डबा पुढे केला. "परवा संपला. एक दिस न्हाई घेतला तर जीव कसा भ्यालाय माझा."

ताईने डबा घेतला. बरणीचं झाकण काढलं. चमचा हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. मी दारात होते. तिने माझ्याकडे बघितलं आणि मी नजर वळवली.

"या खेपेला दहाच दिवसांचा देते," ताई म्हणाली.

"का वो?"

"मूळ संपत आलंय. घाटातून आलं नाही अजून."

"मग दुसऱ्या कुणाला दिऊ नका, माझ्यासाठी ठिवा," दिलशाद हसली. "तुमच्या काढ्यावरच मी सुई धरतोय."

ताईने दहा दिवसांचा मोजून भरला. झाकण लावलं. दिलशाद गेल्यावर तिने बरणी आतल्या कपाटात ठेवून कुलूप घातलं, आणि मला म्हणाली, "तुझी स्पर्धा कधी संपते?"

"सहा दिवसांनी."

"लवकर संपव," ती म्हणाली. जणू ते माझ्या हातात होतं.

*

आम्ही जिंकलो. अंतिम सामन्यात आमची शेवटची मुलगी तीन मिनिटं चाळीस सेकंद पळाली. मी पूर्ण वेळ उभी होते, ओरडत होते, आणि माझ्या दंडावरची पट्टी दर पंधरा मिनिटांनी सहा म्हणत होती.

परत आल्यावर दुसऱ्या सकाळपासून काढा बंद केला. आकडा आता ताईच्याही फोनवर यायचा. तिसऱ्या दिवशी नऊ. चौथ्या दिवशी बारा. पाचव्या दिवशी शाळेच्या प्रार्थनेला उभी असताना पोटातून ती ओळखीची आग वर आली आणि मला कळलं. फोन बघायची गरजच नव्हती. घरी आले तर ताई पायरीवर बसलेली होती.

"पंधरा," ती म्हणाली.

"मला माहितेय," मी म्हणाले. माझे कान अजून तापलेले होते.

सातव्या दिवशी एकवीस झाला. ताईने वही घेतली आणि पहिल्या नावापासून फोन लावायला बसली. डॉक्टरांनी त्या दोन रेघा दाखवल्यापासून तो एकोणिसावा दिवस होता.

दोन दिवस ती फोनच करत होती. प्रत्येकीला तेच वाक्य. "माझ्या काढ्यामुळे तुमची गोळी काम करत नव्हती. आजपासून काढा बंद करा, गोळी चालू ठेवा, आणि डॉक्टरांकडे तपासणीला जा. चूक माझी आहे." काहीजणी रडल्या. एकीच्या नवऱ्याने फोन घेऊन जे तोंडात येईल ते ऐकवलं, ताईने मध्ये तोडलं नाही. एकजण म्हणाली, "मला फरक पडत नाही, मी काढा घेणारच. तुम्ही दिला नाहीत तर मूळ कुठून आणायचं ते मला कळतं." तिला समजवायला ताई तिच्या घरी गेली.

मग यादी डॉक्टरांकडे गेली. काढ्याची कृती गेली. उरलेलं मूळसुद्धा तपासायला गेलं. एकेचाळीसजणी लगेच, आकडे सावरायच्या आत, तपासणीला आल्या. बत्तीस बायकांचे आकडे वीसच्या बरेच खाली होते. नऊजणींना फारसा फरक पडला नव्हता, यकृता-यकृतात तेवढा भेद असतो. माझ्या सगळ्या अंगाचं स्कॅन झालं. काही नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ताईने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. ती हसत नव्हती. मीही हसले नाही. बाहेर बाकावर उरलेल्या बायका आपापल्या नंबराची वाट बघत होत्या.

दिलशादच्या मणक्यात दोन डाग निघाले.

*

"हे काढ्यामुळे झालं असं मी ठामपणे सांगू शकत नाही," डॉक्टर वाळवेकर ताईला म्हणाल्या. "गोळी नीट पोचूनही काहीजणींची गाठ परत येते. काढा नसता तर आली नसती, असं कुणीच छातीठोक सांगू शकणार नाही. आणि ते एकोणीस दिवस म्हणाल, तर हे डाग त्याच्या कितीतरी आधीचे आहेत. त्या दिवसांनी काही बदललेलं नाही. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये."

"बरं वाटलंच नाही," ताई म्हणाली.

रविवारी आम्ही दिलशादच्या घरी गेलो. शहापूर भागात दोन खोल्यांचं घर आहे. दार तिच्या मुलीने, नसरीनने उघडलं. ताईला बघून ती दारातच उभी राहिली.

"आता काय द्यायला आलासा?"

"नसरीन, बसू दे त्यास्नी," आतून दिलशाद म्हणाली.

ती पलंगावर पाठीला उशी लावून बसली होती. आम्ही खुर्च्यांवर बसलो. ताईने सुरुवात केली, "दिलशाद, डॉक्टर म्हणतात की..."

"डॉक्टर काय म्हणत्यात ते मला सांगितलंय त्यांनी," दिलशादने तिला थांबवलं. "काढ्यानं झालं का न्हाई, ते अल्लालाच ठावं. तुम्ही माझ्या वाईटावर नव्हतासा, हे बी मला ठावं हाय. मला एकच इचारायचंय. मी त्या दिशी डबा घिऊन आलो हुतो. मूळ संपलंय म्हणालासा. तवा तुम्हास्नी कळलं हुतं का?"

ताईला खोटं बोलता आलं असतं. त्या दिवशी डॉक्टर आणि मी सोडून कुणालाच काही माहीत नव्हतं.

"हो," ताई म्हणाली. "कळलं होतं."

"आणि मूळ?"

"बरणीभर होतं."

नसरीन काहीतरी बोलायला पुढे आली. दिलशादने तिला हाताने मागे सारलं.

"का?"

"खात्री करायची होती," ताई म्हणाली. मग थांबली. "नाही. खात्री मला पहिल्याच दिवशी पटली होती. मला भीती वाटली. तीन वर्षं मी वहीत दहापैकी दहा लिहीत होते."

मग मीही बोलले. "मी थांबवलं तिला. माझ्या मुलींची राज्य स्पर्धा होती. मला काढा सोडायचा नव्हता, म्हणून आम्ही सगळंच पुढे ढकललं."

दिलशाद माझ्याकडे बघत राहिली. तिने मला याआधी कधी नीट बघितलं नव्हतं. दवाखान्यात दारात उभी असणारी मॅडमची बहीण, एवढीच मी तिला माहीत होते.

"जिंकल्या का पोरी?" तिने विचारलं.

"जिंकल्या."

तिने मान हलवली. त्यात राग होता की काय होतं, मला आजही सांगता येणार नाही. "बरं झालं," ती म्हणाली. "आता जावा तुम्ही. मला पडू द्या."

आम्ही उठलो. जिना उतरताना ताईचा पाय चुकला आणि ती कठड्याला धरून तिथेच बसली. मी तिच्याशेजारी बसले. वरून नसरीनने दार लावल्याचा आवाज आला.

*

ताईने दवाखाना बंद केला नाही. सर्दी-खोकला, पोटाच्या तक्रारी, मुलांचे जंत, हे चालू राहिलं. पण दारावर तिने स्वतःच्या अक्षरात एक कागद लावला. कॅन्सरची गोळी घेणाऱ्या बायकांनो, कोणाचाही काढा घेत असाल तर आधी आपल्या डॉक्टरांना सांगा, माझा घेत होता तरीही सांगा. काहीजणी तो वाचून आत न येताच परत गेल्या. गावात बोललं जायचं ते बोललं गेलं. वैद्य मंडळींच्या एका बैठकीत तिला कुणीतरी विचारलं, आपल्याच शास्त्राला तुम्ही का बदनाम करता? ती म्हणाली, "काढा माझा होता. शास्त्राला मध्ये आणू नका."

डॉक्टरांनी माझी गोळी बदलून दिली. आग होतेच, पण दिवसाला सात-आठ वेळा. मैदानावर मी खुर्ची ठेवते. मुलींना सांगून टाकलंय, मॅडम अचानक लाल झाल्या तर घाबरायचं नाही, खेळ थांबवायचा नाही.

दिलशादचे उपचार मिरजेला सुरू झाले. तीन आठवड्यांतून एकदा सलाईन, आणि रोजच्या नव्या गोळ्या. आम्ही विचारपूस करायला फोन करायचो, तो नसरीन उचलायची. "बरी हाय," म्हणायची आणि ठेवून द्यायची.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी दिलशाद स्वतः दवाखान्यात आली. रिक्षातून उतरली, डोक्याला स्कार्फ, अंगाने निम्मी झालेली. ताई उठून उभी राहिली.

"बोटांस्नी मुंग्या येत्यात," दिलशाद बसता बसता म्हणाली. "सुई धरली तर कळत न्हाई. डॉक्टर म्हणत्यात, औषधानं हुतंय, कमी हुईल सावकाश. पर तवर हात कामाचं ऱ्हात न्हाईत. तुमच्याकडं काय हाय का?"

ताईने तिची बोटं हातात घेऊन एकेक दाबून बघितली. मग म्हणाली, "पोटात घ्यायला मी तुला काहीच देणार नाही. हाताला चोळायचं एक तेल आहे. त्याने बरं वाटतं, असा माझा अनुभव आहे. पण माझ्या अनुभवाचं काय झालं ते तुला माहितेय. तेलसुद्धा कातडीतून आत जातं. पट्टी लावून बघितल्याशिवाय देणार नाही. आधी डॉक्टरांना विचारते."

तिने तिथेच, दिलशादसमोर, फोन लावला. डॉक्टर वाळवेकरांनी तेलात काय काय आहे ते ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले, आणि पट्टी पाठवते म्हणाल्या. नव्या औषधासाठी तशी पट्टी त्यांच्याकडे होती. आठवडाभर तेलाशिवाय आकडा बघायचा, मग तेल लावून. आकडा हलला तर तेल बंद.

"लावा की मग," दिलशाद म्हणाली. "पर एक अट हाय. आकडा पयला माझ्या फोनवर आला पायजे. डॉक्टरकडं न्हाई, तुमच्याकडं न्हाई. पयला मी बघणार. मग तुम्हास्नी दावायचा का न्हाई ते मी ठरवणार."

"बरोबर आहे," ताई म्हणाली.

पट्टी दुसऱ्या दिवशी आली. ती दिलशादच्या फोनशी जोडून द्यायला मी तासभर खटपट केली. अक्षरं मोठी करून दिली. आठवडाभर दिलशादने सकाळ-संध्याकाळ आकडे एका कागदावर लिहिले आणि कागद स्वतःजवळ ठेवला. मग ताई रोज सकाळी तिच्या घरी जाऊन दोन्ही हातांना तेल चोळायला लागली. नसरीन पहिले दोन दिवस भिंतीला टेकून बघत उभी होती. तिसऱ्या दिवशी तिने ताईसमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

आठव्या दिवशी मीही ताईबरोबर गेले. चोळून झाल्यावर दिलशादने हात पुसले, चष्मा घातला आणि फोन घेतला. कागदावरचे आठवड्याचे आकडे एकेक करून वाचले, मग फोनमधले. घाई केली नाही. ताई जमिनीवर बसली होती, तेलाची वाटी हातात. तिने काही विचारलं नाही, आणि मीही नाही.

दिलशादने सगळं एकदा वाचलं, परत वाचलं. मग फोन ताईच्या डोळ्यांसमोर धरला.

आकडा हलला नव्हता.

"उद्या बी या," दिलशाद म्हणाली.